लहरीची साक्ष

कोरेगाव तालुक्यातील एका खेड्यात, आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याच्या घरी, गेल्या दिवाळीच्या सुटीत आमचा दोन दिवस मुक्काम झाला. सातारा जिल्ह्यातील पुष्कळ घरांप्रमाणे हेही शिपायांचे घर होय. सोप्यात पाऊल टाकताच समोरच्या भिंतीवर पणजोबांची मोठी तसबीर दिसते. हे गृहस्थ पहिल्या महायुद्धात मराठा पलटणीबरोबर मेसोपोटेमियात गेले होते आणि सुदैवाने जिवंत परत आले. तसबिरीत पटका, मिशा, छातीवरील पदके सारे यथास्थित आहे. परंतु कपाळापासून हनुवटीपर्यंत, वाऱ्याची झुळूक येताच तळ्याच्या पाण्यावर उठाव्यात तशा लाटा त्या चेहऱ्यावर पसरलेल्या आहेत. दुरून पाहावे तो लाटा अधिकच ठळक होतात. अगदी जवळ जावे तो लाटाही नाहीत आणि चेहराही नाही, नुसती टिंबेच उरतात. घरातील मुले त्या तसबिरीस ‘पाण्यातले आबा’ म्हणतात.

संध्याकाळी आमच्या विद्यार्थ्याने ट्रंकेतून एक पुरचुंडी काढली. तीत पणजोबांची तीन पदके होती आणि प्रत्येकास त्याची रेशमी फीत लावलेली होती. एक फीत दिव्याजवळ धरून किंचित कलती केली, तो तिच्या लाल, पांढऱ्या व निळ्या पट्ट्यांवरून तशाच लाटा सळसळत गेल्या. बोट फिरवून पाहिले तर रंगाचा उठाव नाही, भरतकाम नाही, निराळा धागाही नाही. विद्यार्थी म्हणाला, “सर, आबांच्या चेहऱ्यावर जे आहे तेच या फितीवर आहे. मग फितीवर ते शोभते आणि चेहऱ्यावर का शोभत नाही?”

त्या वेळी आम्ही जे उत्तर दिले त्याने आमचेच समाधान झाले नाही. प्रश्न वरवर करमणुकीचा वाटला तरी त्याच्या मुळाशी वस्त्राचा, मुद्रणाचा आणि किंचित आमच्या इतिहासलेखनाचाही इतिहास आहे. तो येथे यथामति मांडण्याचा विचार आहे.

प्रथम फितीचा विचार करू. पहिल्या महायुद्धानंतर हिंदी शिपायांस जी पदके मिळाली त्यांत 1914-15 चा तारा, ब्रिटिश युद्धपदक व विजयपदक ही मुख्य होती. ताऱ्याची फीत लाल, पांढरी व निळी असून तिचे रंग एकमेकांत विरत जातात. युद्धपदकाच्या फितीत मधोमध नारिंगी पट्टा व दोहो बाजूंस पांढऱ्या, काळ्या व निळ्या रेघा आहेत. विजयपदकाची फीत म्हणजे पाठीस पाठ लावलेली दोन इंद्रधनुष्येच. रंग निरनिराळे, पण तिन्ही फिती एकाच जातीच्या रेशमाच्या. या रेशमास युरोपीय लोक पाणी दिलेले रेशीम म्हणतात. आमच्याकडेही मोत्याला पाणी असते, तलवारीला पाणी असते, माणूसही पाणीदार असतो. तेव्हा या फितीस पाणीदार फीत म्हणण्यास प्रत्यवाय नसावा. साताऱ्याच्या माणखटावाकडील आणि कृष्णाकाठच्या खेड्यांत, जेथे घोंगडी आणि जाडेभरडे लुगडे हेच नित्याचे वस्त्र होते, तेथे हे पाणीदार रेशीम बोटभर रुंदीच्या तुकड्याच्या रूपाने, शिपायाच्या छातीवरून आले.

हे पाणी रेशमावर चढते कसे? त्यासाठी आधी उभ्या धाग्यांपेक्षा आडवे धागे जाड घालून कापड विणतात. त्यामुळे कापडाच्या अंगावर आडव्या, उठावदार, एकसारख्या कण्या उभ्या राहतात. मग असल्या कापडाचे दोन पदर तोंडास तोंड लावून एकमेकांवर ठेवतात, किंचित ओलावतात आणि तापलेल्या जड लाटांमधून दाबून काढतात. दोन्ही पदरांवरील कण्या तंतोतंत जुळल्या असत्या तर काहीच घडले नसते. परंतु विणीत केसभर फरक असतोच. म्हणून कोठे कणीवर कणी बसते व दोन्ही चेपतात. कोठे कणी दुसऱ्या पदरावरील खाचेत बसते व तशीच उभी राहते. चेपलेला भाग उजेड एका रीतीने परत पाठवितो आणि उभा भाग दुसऱ्या रीतीने. त्यामुळे डोळ्यास लाटा दिसतात. अठराव्या शतकात फ्रान्समधील व्होकान्सन या यंत्रकाराने याच कामासाठी दाबयंत्र तयार केले होते. परंतु यंत्र आले तरी मूळ गोष्ट बदलली नाही: लाट विणकराने काढलेली नसते, रंगाऱ्याने रंगविलेली नसते, दोन पदरांच्या न जुळण्यातून ती आपोआप उत्पन्न होते. म्हणूनच अशा रेशमाचे दोन तुकडे कधीही हुबेहूब एकसारखे नसतात.

या वस्त्राच्या फ्रेंच नावाची कुळकथाही ऐकण्याजोगी आहे. फ्रेंच लोक त्यास ‘म्वारे’ म्हणतात. हा शब्द इंग्रजीतील ‘मोहेर’ या लोकरीच्या कापडाच्या नावावरून आला आणि ‘मोहेर’ हा अरबी ‘मुखय्यर’ या शब्दावरून. मुखय्यर म्हणजे निवडक, निवडून काढलेले. ज्या धातूपासून हा शब्द झाला त्याच धातूपासून ‘अखत्यार’ आणि ‘मुखत्यार’ हे शब्द झाले आहेत, आणि पेशवे दफ्तरातील कागद वाचणाऱ्यास ते काही परके नाहीत. निवड करण्याचा अधिकार तो अखत्यार, ज्यास निवडून नेमले तो मुखत्यार आणि जे वस्त्र निवडून काढले ते मुखय्यर. पॅरिसच्या पेठेतील रेशीम आणि सातारच्या दरबारातील मुखत्यारपत्र यांचे आजोळ असे एकच निघते.

दुसरे नाव याहून आम्हांस जवळचे आहे. बगदाद शहरात अत्ताबिया नावाचा एक मोहल्ला होता व तेथील विणकरांचे कापड अत्ताबी या नावाने प्रसिद्ध होते. हे नाव व्यापाऱ्यांबरोबर पश्चिमेकडे गेले, त्याचे ‘तबी’, ‘टॅबी’ असे रूप झाले आणि पुढे इंग्लंडात याच नावाने पाणीदार रेशीम ओळखले जाऊ लागले. अंगावर लाटांसारखे पट्टे असणाऱ्या मांजरासही इंग्रज लोक टॅबी म्हणतात ते यावरूनच. आता पाहा. 1915 च्या डिसेंबरात तुर्कांनी कूट-अल-अमारा येथे जनरल टाउनशेंडच्या सैन्यास वेढा घातला. त्या वेढ्यात 103, 110 व 117 क्रमांकाच्या तीन मराठा पलटणी सापडल्या होत्या. अन्न संपले, मदतीस येणाऱ्या फौजांस वेढा फोडता आला नाही आणि 29 एप्रिल 1916 रोजी कूट पडले. कैद झालेल्या शिपायांस बगदादवरून पुढे उत्तरेकडे चालविण्यात आले, आणि त्यांतील कितीतरी वाटेतच किंवा कैदेत मेले. आमच्या विद्यार्थ्याचे पणजोबा वेढ्याबाहेर होते म्हणून वाचले. ज्या शहरातील एका मोहल्ल्याने पाणीदार रेशमास नाव दिले त्याच शहरातून कोकणातले आणि देशावरचे हे शिपाई बंदिवान म्हणून चालत गेले. आणि युद्ध संपल्यावर सरकारने त्यांच्या त्या कष्टांची आठवण त्याच जातीच्या रेशमाच्या तुकड्याने करून दिली. हा केवळ योगायोग आहे व योगायोगातून इतिहासाचे सिद्धांत काढू नयेत, हे आम्ही जाणतो. तथापि ती फीत हातात घेतल्यावर हे आठवू नये असेही म्हणवत नाही.

आता लाटेचे तत्त्व थोडे खोलात जाऊन पाहिले पाहिजे, कारण तसबिरीचे कोडे त्यावाचून उलगडत नाही. त्यासाठी प्रयोगशाळा नको. मच्छरदाणीचा पदर दुहेरी धरून त्यातून दिव्याकडे पाहावे, किंवा एकावर एक दोन फण्या धरून त्या किंचित सरकवाव्यात, म्हणजे मोठमोठ्या काळसर लाटा धावू लागतात. फणीचा दात तर बारीक आहे. मग एवढी मोठी लाट आली कोठून? समजा, एका काचेवर इंचास 60 रेषा आहेत आणि दुसरीवर 61. दोन्ही काचा रेषांस रेषा समांतर ठेवून जुळविल्या तर आरंभी रेषेवर रेषा बसेल, पुढे हळूहळू ती चुकत जाईल, अर्ध्या इंचावर एकीची रेषा दुसरीच्या पोकळीत येईल आणि पूर्ण इंचावर पुन्हा रेषेवर रेषा येईल. याप्रमाणे इंचास एक लाट उत्पन्न होईल. फरक दोन रेषांचा असेल तर दोन लाटा, पाचांचा असेल तर पाच. फरक जितका सूक्ष्म तितकी लाट मोठी, हा या प्रकरणातील चमत्कार होय. जो भेद नुसत्या डोळ्यास कधीही दिसला नसता तो लाटेच्या रूपाने बोटभर रुंद होऊन समोर उभा राहतो.

मिरजेच्या वाचकांस हेच तत्त्व कानाने समजेल. तंबोऱ्याच्या जोडीच्या दोन तारा एकाच षड्जात मिळवावयाच्या असतात. एक तार सेकंदास 130 कंपने करीत असेल आणि दुसरी 132, तर दोन स्वर वेगवेगळे ऐकू येत नाहीत. एकच स्वर सेकंदास दोनदा फुगतो आणि ओसरतो. तंबोरा मिळविणारा या लाटेकडे कान लावून खुंटी पिळतो. लाट लांबत लांबत नाहीशी झाली की तारा मिळाल्या. त्याच्या दृष्टीने लाट हे बेसुराचे मापच आहे. मिरजेतील तंबोरे करणारी शिकलगार घराणी पूर्वी हत्यारांस धार व झळाळी देणारी होती, आणि लढाया संपून हत्यारांची मागणी उरली नाही तेव्हा एकोणिसाव्या शतकात ती वाद्यांच्या धंद्याकडे वळली, हे प्रसिद्धच आहे.

शिकलगारांचा उल्लेख आला म्हणून एक सावधगिरीची सूचना येथेच करतो. उत्तम फौलादी पात्यावर जे जौहर उमटते तेही लाटांसारखेच दिसते. जुन्या पोथ्यांच्या व वह्यांच्या पुठ्ठ्यांवर लावीत तो अबरी कागद, ज्यावर विजापूरच्या चित्रकारांनी सतराव्या शतकात सुंदर चित्रेही काढली, त्यावरही ढगांसारख्या, पाण्यासारख्या आकृती असतात. परंतु या लहरी निराळ्या कुळातल्या आहेत. जौहर पोलादाच्या अंतर्रचनेतून येते. अबरी ही पाण्यावर तरंगणाऱ्या रंगाचा कागदावर घेतलेला ठसा होय. एकट्या पात्यास जौहर असते, एकट्या कागदास अबरी असते. फितीची लहर मात्र एकट्या पदराची कधीच नसते. तिला दोन लागतात. हा भेद ध्यानात ठेवला म्हणजे पुढील विवेचन सुगम होईल.

आता मुद्रणाकडे वळू. या बाबतीत सांगली जिल्ह्याचा मान मोठा आहे. नाना फडणविसांच्या हयातीत पुण्याचा इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट याच्या सहवासातून भगवद्गीता छापण्याची कल्पना निघाली व एका तांबटास पत्र्यावर नागरी अक्षरे उलटी कोरण्यास शिकविण्यात आले. 1800 साली नाना वारले व पुण्यातील हे काम राहिले. पुढे तो तांबट मिरजेस गेला आणि गंगाधरराव गोविंद पटवर्धन यांच्या आश्रयाने 1805 साली तांब्याच्या पत्र्यांवरून गीता छापली गेली. महाराष्ट्रातील मुद्रणाच्या इतिहासात हा ग्रंथ अग्रभागी आहे. आमच्या विषयाच्या दृष्टीने त्यातील मुद्दा एवढाच की, हा छाप कोरलेल्या रेषेचा होता. कारागिराच्या हाताने जेथे रेषा काढली तेथे शाई आणि जेथे काढली नाही तेथे कोरा कागद. त्यात जाळी नव्हती, म्हणून लहरीचा संभवही नव्हता.

शिळाछाप आल्यावर चित्रे स्वस्त झाली. पुण्यास 1878 साली चित्रशाळा निघाली. मुंबईस 1894 साली रविवर्म्याचा छापखाना निघाला. आणि देवादिकांची रंगीत चित्रे सातारा-सांगलीकडील घराघरांतून लागली. शिळेचा दाणा अनियमित असतो. तो ओळीत उभा राहत नाही. त्यामुळे अशा चित्राची पुन्हा नक्कल केली तरी तिच्यात इतर दोष येतील, लाट येणार नाही. अनियमित दाण्यावर दुसरे काहीही ठेवले तरी त्यातून लहर उठत नाही, कारण लहर ही नियमितपणाची संतती आहे.

हा नियमितपणा हाफटोन ब्लॉकाने आणला. छायाचित्रात काळ्या-पांढऱ्याच्या मधल्या असंख्य छटा असतात. छापखान्यास मात्र शाई एकच. तेव्हा छटेचे टिंबांत रूपांतर करावे लागते: गडद भागी मोठी टिंबे, उजळ भागी बारीक. त्यासाठी दोन काचांवर बारीक समांतर रेषा ओढून त्या काटकोनात चिकटवीत आणि त्या जाळीआडून चित्राचे छायाचित्र घेत. जर्मनीतील माइझेनबाखने 1882 साली अशा रीतीचा स्वामित्वहक्क मिळविला व पुढील वीस वर्षांत ती जगभर पसरली. आमच्या देशात कलकत्त्याचे उपेंद्रकिशोर रायचौधुरी यांनी या जाळीच्या तत्त्वावर इंग्लंडातील ‘पेनरोज’ वार्षिकात असे लेख लिहिले की, त्या धंद्यातील पाश्चात्त्य जाणकारांसही त्यांची दखल घ्यावी लागली. मराठीत ‘मनोरंजन’ मासिकाचा 1909 सालचा दिवाळी अंक निघाला तेव्हापासून चित्रांवाचून मासिक ही कल्पनाच हळूहळू मागे पडली.

ही लाट आमच्या प्रांती पोचण्यास उशीर लागला नाही. औंधचे अधिपति बाळासाहेब पंतप्रतिनिधि स्वतः चित्रकार. त्यांचे चित्ररामायण 1916 साली प्रसिद्ध झाले. त्यांच्याच संस्थानात कुंडलजवळ 1910 साली किर्लोस्करवाडी वसली आणि तेथून 1920 साली शंकरराव किर्लोस्करांनी ‘किर्लोस्कर खबर’ काढली. नांगर आणि पंप करणाऱ्या माळरानावरच्या कारखान्याच्या शेजारी सचित्र मासिकाचा छापखाना चालावा, आणि 1930 साली ‘स्त्री’, 1934 साली ‘मनोहर’ अशी त्याला भावंडे व्हावीत, ही त्या काळी नवलाची गोष्ट होती. शंकरराव स्वतः चित्रकलेचे शिक्षण घेतलेले, व्यंगचित्रे काढणारे. चित्र पानावर कसे उतरते याविषयी असा संपादक उदासीन राहणे शक्य नव्हते.

ज्या लहरीसाठी रेशीमवाला दोन पदर एकमेकांवर दाबतो तीच लहर छापणारा वैऱ्यासारखी टाळतो. एका जाळीतून छापलेले चित्र पुन्हा दुसऱ्या जाळीतून छापावे, म्हणजे झाली दोन पदरांची फीत! पहिल्या चित्रात इंचास 65 टिंबे आणि दुसऱ्या जाळीत 60 रेषा असतील व दोन्ही एकाच दिशेने असतील, तर इंचास पाच लाटा चेहऱ्यावर उभ्या राहतील. रंगीत चित्रात तर तीन-चार जाळ्या जाणूनबुजून एकमेकींवर पडतात. तेथे उपाय असा की, प्रत्येक रंगाची जाळी निराळ्या कोनात फिरवावयाची. दोन जाळ्यांत 30 अंशांचा कोन ठेवला तर त्यांची लाट सुमारे दोन टिंबांएवढीच उरते व डोळ्यास जाणवत नाही. परंतु चौकटीची जाळी 90 अंशांत पुन्हा पूर्ववत होते. त्यात 30-30 अंशांच्या जागा तीनच. चौथा रंग पिवळा. तो फिकट असल्याने त्याला इतरांपासून 15 अंशांवर बसवितात आणि त्याची थोडी लाट खपवून घेतात. म्हणजे येथेही लाट नष्ट होत नाही. ती लहान होते किंवा फिकटात लपते.

आता भिंतीवरील तसबिरीकडे परत येऊ. विद्यार्थ्याच्या आजीकडून जी हकीकत कळली ती अशी. युद्धावरून परतल्यावर पणजोबांनी पुण्यात एक छायाचित्र काढविले होते, तेच एकमेव. सुमारे पन्नास वर्षांपूर्वी जिल्ह्यातील शिपायांविषयी एक गौरवग्रंथ निघावयाचा होता, त्याच्या संपादकांनी ते छायाचित्र मागून नेले. ग्रंथ निघाला, छायाचित्र छापले गेले, मूळ प्रत मात्र परत आली नाही. दोनदा कोणी जाऊन विचारले. “छापखान्यात असेल” एवढेच उत्तर मिळाले. पुढे तो छापखानाही बंद पडला. घरात उरले ते ग्रंथातील पान. काही वर्षांपूर्वी घरच्यांनी ते पान शहरातील दुकानी नेले. तेथील यंत्राने त्याची नक्कल घेतली व मोठ्या चकचकीत कागदावर छापून दिली. जुन्या पानाची टिंबे हा पहिला पदर, नव्या यंत्राची चौकट हा दुसरा. आबांच्या चेहऱ्यावरील पाणी ते हे!

विद्यार्थ्याच्या प्रश्नाचे खरे उत्तर येथे आहे. फितीवर लहर शोभते, कारण तिच्यामागे काही हरवलेले नाही. दोन्ही पदर कारागिराच्या हाती होते व त्याला लहरच हवी होती. चेहऱ्यावरील लहर शोभत नाही, कारण ती सांगते की हे चित्र मूळ चित्रावरून घेतलेले नाही, चित्राच्या चित्रावरून घेतलेले आहे. ती नकलेची साक्ष आहे. आणि साक्षीदार अप्रिय असला तरी तो खरे बोलत असेल तर त्याला न्यायालयाबाहेर घालविता येत नाही.

ही एका घराचीच गोष्ट असती तर आम्ही एवढा विस्तार केला नसता. आमच्या इतिहासाच्या पुस्तकांतील, गौरवग्रंथांतील, शाळांच्या भिंतींवरील थोर पुरुषांच्या चित्रांकडे एकदा डोळसपणे पाहावे. कित्येकांवर ही लहर आढळेल. साताऱ्याचे दत्तात्रय बळवंत पारसनीस यांनी जन्मभर कागद आणि चित्रे जमविली, 1908 साली साताऱ्याहून ‘इतिहाससंग्रह’ मासिक काढले, ग्रंथांतून ऐतिहासिक चित्रे प्रसिद्ध केली. त्यांचा संग्रह 1939 साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजात गेला. औंधास बाळासाहेबांनी 1938 साली उभारलेल्या भवानी संग्रहालयात मूळ चित्रे प्रत्यक्ष पाहावयास मिळतात. असे असता चित्र हवे झाले की आम्ही हात पुढे करितो तो मागील कोणाच्या तरी पुस्तकाकडे. आणि त्या कोणी तरी हात पुढे केलेला असतो त्याच्याही मागील पुस्तकाकडे. दरम्यान खिळ्यांची छपाई गेली, नवी छपाई आली, आणि जुन्या छापखान्यांतील शिशाच्या खिळ्यांबरोबर तांब्या-जस्ताचे ब्लॉकही वजनावर भंगारात विकले गेले. ब्लॉक गेले ते गेलेच. निदान मूळ छायाचित्रे तरी मालकांच्या घरी परत जावयास हवी होती.

यावर कोणी म्हणेल की, आताची यंत्रे ही लहर क्षणात पुसून टाकतात. मग चिंता कशाची? पुसतात हे खरे. पण पुसतात म्हणजे टिंबे एकमेकांत मिसळून चेहरा मऊ करितात. त्याबरोबर कपाळावरील आठी, पदकावरील अक्षर, डोळ्यांतील चमक हीही पुसली जातात आणि वाचकास वाटते की हे मूळ छायाचित्रच होय. लहर असलेली नक्कल आपण नक्कल आहोत असे कबूल करिते. लहर पुसलेली नक्कल ते लपविते. आमच्या मते दुसरी अधिक घातक.

चित्रांविषयी जे खरे तेच लेखांविषयीही. मिरजेचे वासुदेवशास्त्री खरे हे शाळेत संस्कृत शिकविणारे गृहस्थ. परंतु पटवर्धनांच्या दफ्तरातील पत्रे स्वतः वाचून, निवडून त्यांनी 1897 पासून ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ प्रसिद्ध केला. त्यांच्या कामाचे मोल यात आहे की ते मूळ पदरापर्यंत गेले. बखर एक सांगते, पत्र दुसरे सांगते, इंग्रज रेसिडेंटाचा अहवाल तिसरे. एकट्या बखरीत दोष दिसत नाही, एकट्या अहवालातही दिसत नाही. दोन्ही एकमेकांवर ठेवले म्हणजे लहर उठते. तेथे लहर पुसू नये, मोजावी. 1874 साली लॉर्ड रॅले यांनी हेच सुचविले होते: बारीक रेषा ओढलेल्या दोन काचा एकमेकींवर ठेवाव्यात, म्हणजे जी रेषा केसाच्या अंशानेही चुकली असेल तिचा दोष लाटेच्या वाकड्या चालीवरून उघडा पडेल. गिरण्यांतूनही रेषांची काच कापडावर ठेवून, लाटांवरून इंचातील धागे मोजतात. तंबोऱ्याचा कारागीर कानाने करितो ते हेच. एका मापास पारखण्यास दुसरे माप लागते, आणि दोहोंतील भेद म्हणजे अपयश नसून ज्ञान असते, एवढे या क्षुल्लक दिसणाऱ्या लहरीपासून इतिहासाभ्यासकाने शिकण्यासारखे आहे. मात्र त्यासाठी दोन्ही पदर शाबूत हवेत. एक पदर हरवला की लाट दिसते, पण ती कशाची हे सांगता येत नाही.

निघण्याच्या दिवशी सकाळी आम्ही ती पदके पुन्हा उजेडात पाहिली. ताऱ्याच्या फितीचे एक टोक निस्तेज होते. तेथे लाटा नव्हत्या. एका पावसाळ्यात ट्रंकेत ओल आली होती असे आजींनी सांगितले. पाणीदार रेशमाचे असेच आहे: ते भिजले की चेपलेल्या कण्या पुन्हा फुगतात आणि त्याचे पाणी पाण्यानेच जाते. आम्ही सुचविले की फिती धुऊ नयेत, त्यांवर इस्त्री फिरवू नये, कोरड्या कागदात गुंडाळून निराळ्या ठेवाव्यात. गोल पदकांच्या कडेवर शिपायाचा क्रमांक, नाव व पलटण ठोकलेली असते. ती अक्षरे भिंगाखाली अजून स्पष्ट होती. घरातील कोणीही ती यापूर्वी वाचली नव्हती.

मग विद्यार्थ्याने तसबीर भिंतीवरून उतरविली. मागच्या पुठ्ठ्यावर त्याने पदकाच्या कडेवरील क्रमांक, नाव आणि पलटण उतरून घेतली, आणि खाली लिहिले: मूळ छायाचित्र पुण्यात काढलेले; ग्रंथासाठी दिले, परत आले नाही; ही नक्कल ग्रंथातील छापील पानावरून. ग्रंथाचे नाव व साल त्याने पुढे लिहिले. पुसट चेहरा त्याने काही उजळला नाही. परंतु आणखी पन्नास वर्षांनी ती तसबीर कोणाच्या हाती पडली तर आबांच्या चेहऱ्यावर पाणी कोठून आले, हे त्याला कोणाला विचारावे लागणार नाही. आणि मूळ छायाचित्र कोठे एखाद्या कपाटात सापडलेच, तर ते कोणाचे, हेही ओळखता येईल.